नाशिकच्या गंगापूर रोडचं ऑर्थो हॉस्पिटल, गोळ्या मोजून देतात पण बरं वाटलं

सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन इथे केलं. सर्जरी छान, सिस्टर लोक गोड, पार्किंगचं मात्र नाव नको, गाडी पार जेहान सर्कलकडे लावून चालत यायचं.

डिस्चार्जला ट्रॅमाडॉलच्या (जबरी वेदनाशामक, पण सवय लागू शकते) मोजक्याच गोळ्या दिल्या, पुढे साधी पॅरासिटामॉल. मी म्हटलं अहो महिन्याच्या द्या ना एकदम, सारखं कोण येणार, तर फार्मसीतल्या मॅडम म्हणाल्या, ताई, आमच्याकडे दर महिन्याला प्रत्येक डॉक्टरला कागद जातो, तुम्ही ही गोळी किती लिहिली आणि बाकीच्यांची सरासरी किती. ओरडत कोणी नाही पण आकडा समोर आला की हात आपोआप आवरतो म्हणे. भारीच की!

घरी येऊन वाचलं तर अमेरिकेत सॅन दिएगोला ओव्हरडोसने पेशंट गेला की त्याला गोळ्या लिहिणाऱ्या डॉक्टरांना पत्र पाठवून पाहिलेलं, 2018 मध्ये छापून आलं, पुढच्या 3 महिन्यांत त्यांचं ओपिऑइड (ट्रॅमाडॉल, मॉर्फिन अशी अफूच्या जातीची वेदनाशामकं) लिहिणं 9.7 टक्क्यांनी घटलं. आपल्याकडे ट्रॅमाडॉल 2018 पासून एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात आहे, तरी काही ठिकाणी चिठ्ठीशिवाय मिळतेच, खोटं कशाला बोला. आणि हो, कॅन्सरवाल्यांचा हात मात्र आखडू नका, त्यांना मॉर्फिन लागतंच.

सासूबाई दोन रात्री कण्हल्या, मग बर्फ आणि फिजिओवर निभावलं. एक स्टार कापला तो बिलिंगचा, कॅशलेसला अख्खी दुपार घालवली.