सप्लिमेंट सुरू करायचंय: डॉक्टरांना विचारू की फार्मासिस्टला?

दोघांनाही विचारता येतं, पण प्रश्न कोणता आहे त्यावर माणूस ठरतो.

'ही गोळी त्या गोळीबरोबर चालेल का?' हे फार्मासिस्टचं रोजचं काम. थायरॉइडसाठी लिव्होथायरॉक्सिन घेणाऱ्याने कॅल्शियम किंवा लोहाची गोळी सोबतच घेतली, तर औषध नीट शोषलं जात नाही. दोन्हींत 4 तासांचं अंतर ठेवा, हे ते उभ्याउभ्या सांगतील. एवढ्यासाठी दवाखान्यात ताटकळत बसू नका.

पण 'मला याची गरज आहे का?' याचं उत्तर द्यायला त्यांच्यासमोर तुमचे रिपोर्ट नसतात. थकवा येतो म्हणून मनानेच लोह सुरू केलं आणि मूळ थायरॉइडमध्ये निघालं, तर मधले महिने फुकट गेले. मधुमेहावरचं मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू असेल तर व्हिटॅमिन बी12 कमी होऊ शकतं. त्यात फॉलिक ॲसिडचे मोठे डोस घेतले, तर या कमतरतेमुळे झालेला ॲनिमिया सुधारल्यासारखा दिसतो, मज्जातंतूंचं नुकसान मात्र आत चालूच राहतं. असले धागे डॉक्टरच जुळवू शकतात. गरोदरपण, मूत्रपिंडाचा किंवा यकृताचा आजार, ठरलेलं ऑपरेशन, यांपैकी काही असेल तर मी तरी फार्मासिस्टपाशी थांबणार नाही. रक्त पातळ ठेवणारं वॉरफॅरिन घेणाऱ्यांनीही थांबू नये: व्हिटॅमिन के असलेली साधी मल्टिव्हिटॅमिन अचानक सुरू केली तरी वॉरफॅरिनचा परिणाम घटू शकतो.

डॉक्टरांकडची अडचण निराळी. वेळ कमी असतो, आणि 'आणखी काही घेता का?' म्हटल्यावर आपण सरळ 'नाही' म्हणून मोकळे होतो. सप्लिमेंट औषधात धरायचं असतं हे डोक्यातच येत नाही. (रागावतील ही धास्तीही असतेच.) म्हणून बाटलीच सोबत न्या. केसांसाठी घेतलेल्या बायोटिनच्या मोठ्या डोसने थायरॉइडच्या आणि हार्ट ॲटॅकसाठीच्या ट्रोपोनिन तपासणीचे आकडे चुकू शकतात, तेव्हा ते रक्त देण्याआधी कळायला हवं. सेंट जॉन्स वर्ट ही तर वनस्पती, तरीही ती गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी करते आणि नैराश्यावरच्या काही औषधांसोबत धोक्याची ठरते.

डॉक्टर 'घ्या' म्हणाले, तर किती, किती दिवस आणि पुन्हा तपासणी कधी, हे तिथेच विचारून घ्या. कोणती गोळी सकाळी आणि कोणती रात्री, ते फार्मासिस्ट बसवून देतील.