गोळी की जांभळी नाक्यावरची भाजी?
ठाण्यात जांभळी नाक्यावर पालक, पेरू, आवळे मिळतात. औषधांच्या दुकानात अँटिऑक्सिडंटच्या, म्हणजे पेशींची हानी रोखणाऱ्या ई, सी जीवनसत्त्वांसारख्या घटकांच्या गोळ्या. हृदयासाठी भाजी-फळंच घ्या.

गोळीची कसून परीक्षा झाली आहे. 2002 साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश चाचणीत 20,536 जणांपैकी निम्म्यांना पाच वर्षं रोज 600 मिलिग्रॅम ई जीवनसत्त्व, 250 मिलिग्रॅम सी जीवनसत्त्व आणि 20 मिलिग्रॅम बीटा कॅरोटीन (शरीरात ज्यापासून ए जीवनसत्त्व बनतं ते) दिलं. हृदयविकाराचे झटके कमी झाले नाहीत. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांनी तर बीटा कॅरोटीनची गोळी टाळावीच. फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढतो.

भाजी-फळांत तंतू, पोटॅशियमही असतं. रोज 400 ग्रॅम खा. आवळा कच्चाच बरा, उकळल्यावर सी जीवनसत्त्व घटतं. वॉरफरिन (रक्त पातळ ठेवणारं औषध) चालू असेल तर पालेभाजीचं प्रमाण रोज सारखं ठेवा. ई जीवनसत्त्वाची गोळी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, रक्तस्रावाची भीती असते.