पोलीस दारात आले तर काय बोलायचं? इंदिरानगरच्या रविवारच्या क्लासबद्दल

नाशिकमध्ये इंदिरानगरला एका अभ्यासिकेच्या वरच्या हॉलमध्ये अधूनमधून रविवारी सकाळी एक क्लास होतो, पोलीस घरी चौकशीला आले तर आपले हक्क काय आणि ते वापरायचे कसे, एवढाच विषय. फी दोनशे रुपये, त्यात चहा आणि एक छोटी पुस्तिका. शिकवणाऱ्या वकील मॅडम नाशिकच्याच कोर्टात प्रॅक्टिस करतात. त्यांचं नाव मी मुद्दाम टाकत नाहीये, कारण वकिलांना स्वतःची जाहिरात करायला बार कौन्सिलची बंदी आहे आणि माझ्यामुळे त्यांना त्रास नको. अभ्यासिकेत चौकशी केली की पुढची तारीख कळते.

मी का गेले ते सांगते. आमच्या लेनमधल्या एका मुलाला, कॉलेजात जाणारा, संध्याकाळी दोन जण येऊन घेऊन गेले, साध्या कपड्यात, "पाच मिनिटं चल, जरा विचारायचंय" एवढंच बोलून. कुठल्या ठाण्याचे, काय नाव, कशासाठी, काही नाही. आई बिचारी रात्रीपर्यंत या ठाण्यातून त्या ठाण्यात फिरत होती, दुसऱ्या दिवशी मुलगा घरी आला, त्याचा कशाशीच संबंध नव्हता. पण ती रात्र त्या घराने कशी काढली ते आम्ही शेजाऱ्यांनी बघितलंय. आणि आमच्यापैकी एकालाही, अगदी शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या माणसांनाही दारात उभं राहून काय विचारायला हवं होतं ते माहीत नव्हतं. शाळेत नागरिकशास्त्र शिकलो, मूलभूत हक्क पाठ केले, कलम २० आणि २२ दारात कसं वापरायचं ते कोणी शिकवलंच नाही.

या क्लासचं सगळ्यात भारी काय, तर भाषण कमी आणि सराव जास्त. मॅडम स्वतः पोलीस होतात, हॉलच्या दारावर जोरजोरात थाप मारतात, आणि आपल्यातला एक जण घरमालक. पहिलेच उठले ते ओझरच्या एचएएलमधून रिटायर झालेले एक काका. दार सताड उघडून म्हणाले, या ना साहेब, बसा, चहा ठेवायला सांगतो. मॅडमनी तिथेच थांबवलं. म्हणाल्या काका, चहा द्या हो, पण आधी माणूस कोण ते तर बघा. परत दार बंद, परत थाप. यावेळी काका साखळी लावून बोलले, नमस्कार साहेब, आपलं नाव काय, कुठल्या ठाण्याचे, आयकार्ड दाखवता का. मॅडम आवाज चढवून, आम्हाला ओळखत नाही का, वगैरे. काका जरा गडबडले, पण मग शांतपणे म्हणाले, साहेब, मला साक्षीदार म्हणून विचारताय की माझ्यावर संशय आहे, आणि नोटीस आहे का काही. हॉलमध्ये सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. हा एक प्रश्न, साक्षीदार की संशयित, तोच त्या दिवशी मला सगळ्यात मोलाचा वाटला कारण पुढचं सगळं त्यावरच ठरतं.

म्हणजे कसं, तर साक्षीदार म्हणून चौकशी असेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं (तीच जी १ जुलै २०२४ पासून जुन्या सीआरपीसीच्या, म्हणजे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आली) कलम १७९ लागतं. पोलिसांनी लेखी आदेश देऊन बोलवायचं असतं. आणि बायका, पंधरा वर्षांखालची मुलं, साठ वर्षांवरचे पुरुष, अपंग आणि खूप आजारी माणसं, यांना राहत्या घराशिवाय दुसरीकडे यायची सक्तीच करता येत नाही, स्वतःहून जायचं असेल तर गोष्ट वेगळी. हे ऐकून माझ्या शेजारी बसलेल्या एक मावशी एकदम म्हणाल्या, म्हणजे मला ठाण्यात बोलवताच येत नाही? मॅडम म्हणाल्या, साक्षीदार म्हणून नाही मावशी, घरी येऊन विचारतील, आणि तुम्ही खरं सांगायचं. खरं सांगायला आपण बांधील आहोत, हे त्यांनी दोन-तीनदा बजावलं. फक्त ज्या उत्तराने आपणच गुन्ह्यात अडकू अशा प्रश्नाचं उत्तर द्यायची सक्ती नाही, ते कलम १८० मध्येच लिहिलंय. आणि संशयित असाल तर राज्यघटनेचं कलम २०(३), स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला कोणी भाग पाडू शकत नाही.

इथे त्यांनी नंदिनी सत्पथींची केस सांगितली, ती मला आधी माहीतच नव्हती. ओडिशाच्या माजी मुख्यमंत्री, त्यांना चौकशीसाठी ठाण्यात बोलावलं, लेखी प्रश्नांची यादी दिली, त्यांनी उत्तरं द्यायला नकार दिला, खटला भरला गेला आणि ते सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. १९७८ चा निकाल आहे. कोर्टाने सांगितलं की हा गप्प राहण्याचा हक्क फक्त खटला चालू असताना नाही, तर पोलीस तपासातसुद्धा आहे. आणि बाईला ठाण्यात बोलावलं याबद्दलही न्यायाधीशांनी नाराजी दाखवली. मुख्यमंत्री राहिलेल्या बाईला कोर्टापर्यंत जावं लागलं, मग आपल्यासारख्यांनी हे माहीत करून घेणं किती गरजेचं आहे सांगा. मात्र नाव आणि पत्ता लपवायचा नाही, तो सरळ सांगायचा. नाव-पत्ता नाकारला किंवा खोटा दिला तर काही परिस्थितीत त्यावरूनच अटक होऊ शकते, हे पण मॅडमनी स्पष्ट केलं.

सहीचा भाग पण महत्त्वाचा. आपल्याकडे पोलिसांनी कागद पुढे केला की लोक सही करून मोकळे. तपासात पोलीस जो जबाब लिहून घेतात त्यावर सही घ्यायचीच नसते, कलम १८१, जुन्या कायद्यात १६२ होतं. पंचनामा वेगळा, त्यावर पंचांच्या सह्या लागतात. एफआयआर आपण दिली तर त्यावर आपली सही लागते आणि कॉपी फुकट मिळते. हे तीन कागद लोक एकत्र करतात. मॅडमनी तिन्हीचे नमुने हातात दिले, नावं खोडलेले, आणि हा कुठला ते ओळखायला लावलं, निम्म्या हॉलला ओळखता आलं नाही.

मग झडती. वॉरंट दाखवलं तर दार उघडायचं, अडवायचं नाही, धक्काबुक्की तर अजिबात नाही, सरकारी कामात बळ वापरून अडथळा म्हणजे भारतीय न्याय संहितेचं कलम १३२, जुन्या आयपीसीचं ३५३, आणि मग मूळ भानगड राहते बाजूला नि आपणच आरोपी. एक ताई सरावात पोलिसांवर फारच ओरडल्या तेव्हा मॅडमनी त्यांना परत करायला लावलं, आवाज खाली ठेवून. वॉरंट नसतानाही काही वेळा तपास अधिकारी झडती घेऊ शकतो पण आधी कारण लिहून ठेवावं लागतं आणि काय शोधतोय तेही. परिसरातले दोन स्वतंत्र पंच पाहिजेत, घरातल्या माणसाला झडतीच्या वेळी हजर राहू द्यायला पाहिजे, बाईची अंगझडती बाईनेच घ्यायची, आणि जप्त केलेल्या वस्तूंची यादी करून कॉपी द्यायची. नवीन कायद्यात कलम १०५ प्रमाणे झडतीचं आणि जप्तीचं ऑडिओ-व्हिडिओ रेकॉर्डिंग पण करायचं आहे. तर विचारायचं, साहेब, रेकॉर्डिंग चालू आहे ना, यादीची कॉपी मला द्या. एवढं वाक्य. मी ते घरी येऊन मोठ्याने चार वेळा म्हणून बघितलं, कारण ऐकून समजतं पण तोंडातून निघत नाही.

इथे मागच्या रांगेतून एक रिटायर्ड हवालदार उठले. मला वाटलं आता वाद होणार, पण ते जे बोलले ते मला फार पटलं. म्हणाले, मॅडम सगळं बरोबर सांगताय, पण आम्ही पंच शोधायला निघालो की आख्खी गल्ली दारं लावून घेते, मग आम्ही आणणार कुठून, तेच तेच नेहमीचे पंच आणतो आणि कोर्टात केस पडते. खरंय हो. आपल्या घरी झडती आली तर शेजारी उभा राहावा असं वाटतं, आणि शेजाऱ्याकडे आली की आपण पडदा ओढतो. लेखी आदेश देऊन पंच म्हणून बोलावलं आणि योग्य कारण नसताना नकार दिला तर तोसुद्धा गुन्हा धरला जातो, हे पण तेव्हाच कळलं. माझ्या मते या क्लासमध्ये हवालदार काकांसारखा माणूस दर वेळी बोलवायलाच पाहिजे. दुसरी बाजू ऐकल्यावर भीती आणि राग दोन्ही कमी होतात, आणि पोलीस सगळे वाईट असं काही घेऊन माणूस बाहेर पडत नाही.

अटकेबद्दल भरपूर सांगितलं, मी थोडक्यात लिहिते. अटक करणाऱ्याच्या छातीवर नाव दिसलं पाहिजे, अटकेचा मेमो करायचा आणि त्यावर घरच्याची किंवा परिसरातल्या प्रतिष्ठित माणसाची साक्षीदार म्हणून सही, नातेवाईक किंवा मित्राला कुठे ठेवलंय ते कळवायचं, हे सगळं सुप्रीम कोर्टातल्या डी. के. बसू केसमधून आलं आणि आता कायद्यातच आहे. चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटसमोर, प्रवासाचा वेळ सोडून. चौकशीच्या दरम्यान आपल्या वकिलाला भेटता येतं, पूर्ण वेळ तो शेजारी बसेल असं नाही. सूर्यास्त ते सूर्योदय बाईला अटक नाही, अगदी अपवाद असेल तर महिला अधिकाऱ्याने मॅजिस्ट्रेटची आधी परवानगी घ्यायची. आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने महाराष्ट्रातल्याच एका केसमध्ये सांगितलं की अटकेची कारणं लेखी द्यायची, आणि ती सुद्धा त्या माणसाला समजेल त्या भाषेत. म्हणजे मराठी माणसाला मराठीत. आमच्या लेनमधल्या त्या आईला हे माहीत असतं तर निदान विचारलं तरी असतं, अटक केलीय का, केली असेल तर कागद कुठाय, आणि केली नसेल तर पोरगा आत का.

मोबाईलवरच्या नोटिशीबद्दल फक्त दहा मिनिटं दिली पण ती दहा मिनिटं ज्येष्ठ नागरिकांसाठी सोन्याची आहेत. हजर राहण्याची नोटीस, कलम ३५ वाली, व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून चालत नाही असं सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०२५ मध्ये सांगितलंय. आणि व्हिडिओ कॉलवर अटक, डिजिटल अरेस्ट, असला प्रकार कायद्यात नाहीच. खाकी शर्ट घातलेला कोणीही कॅमेऱ्यासमोर बसून दम देत असेल तर कॉल कट करायचा आणि १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करायचा. गंगापूर रोडला किंवा कॉलेज रोडला मुलं परदेशात आणि आईवडील एकटे अशी किती घरं आहेत, त्यांच्यापर्यंत हे पोचायला पाहिजे.

आता जे आवडलं नाही ते. मोबाईल जप्तीचा भाग घाईत उरकला, शेवटी वेळच उरला नाही, आणि आजकालच्या पोरांना तोच प्रश्न सगळ्यात आधी पडतो. यादीत फोनचा आयएमईआय नंबर (प्रत्येक फोनचा स्वतःचा ओळख नंबर) लिहून घ्या एवढं सांगितलं, पुढचं राहिलं. पुस्तिकेचा फॉन्ट इतका बारीक की चष्मा लावूनही त्रास, आणि त्यात अजून काही ठिकाणी जुने सीआरपीसीचेच कलम नंबर आहेत, २०२४ नंतर हे चालणार नाही, लोक दारात चुकीचा नंबर सांगतील आणि समोरचा हसेल. हॉल दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, साठीच्या पुढच्या लोकांसाठी हक्क शिकवायचे आणि जिना चढायला लावायचा हे बरोबर नाही, खाली अभ्यासिकेतच घ्या की सकाळी. माईक नव्हता, मागे बसलेल्यांना निम्मं ऐकू आलं नाही.

दोनशे रुपये पण ज्यांना जड आहेत त्यांनी थांबू नये. सीबीएस बस स्टँडजवळ जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, तिथे मोफत सल्ला आणि वकील मिळतो, बायकांना आणि कोठडीत असलेल्या माणसाला तर उत्पन्न न बघता, आणि १५१०० या नंबरवर फोन करून पण विचारता येतं. हे मॅडमनीच सांगितलं, फळ्यावर मोठं लिहून ठेवलं होतं, स्वतःचा नंबर नाही लिहिला. त्यावरून माणूस कळतो.

घर भाड्याने देणारे, पाथर्डी फाटा, राणेनगर, सिडको साइडला वरचे मजले मुलांना दिलेत असे खूप आहेत, त्यांनी तर जाच. सिंहस्थ तोंडावर आलाय, भाडेकरूंची चौकशी, पासपोर्टचं व्हेरिफिकेशन, कोण आलं कोण गेलं, यासाठी पोलीस दारात येणं वाढणार आणि त्यातलं बरंचसं साधं रोजचं काम असणार, त्याला घाबरायचं काहीच कारण नाही, फक्त नाव, ठाणं आणि काम विचारून घ्यायचं आणि डायरीत लिहून ठेवायचं. कॉलेजातल्या मुलांना बरोबर न्या. आमच्या बॅचला अठरा-वीस वर्षांचं एकही पोरगं नव्हतं, सगळे पन्नाशीचे, आणि उचलून नेतात ती पोरंच. पुढच्या वेळी मी लेनमधल्या चार जणांना घेऊन जाणार आहे, त्या मुलाला आणि त्याच्या आईला पण, ती हो म्हणालीये.