एआर हेडसेट ऑपरेशन थिएटरसाठी (ओटी) की ट्रेनिंगसाठी? आधी ते ठरवा

बडोद्यातल्या एका ऑर्थो डॉक्टरांना होलोलेन्स २, म्हणजे मायक्रोसॉफ्टचा एआर हेडसेट (डोक्यावर घालायचा, समोरच्या खऱ्या दृश्यावरच थ्रीडी चित्र दाखवणारा), सेकंडहँड स्वस्तात मिळतोय, घेऊ का म्हणाले. म्हटलं सर, राहू द्या. वस्तू चांगलीये, चष्म्यावरून बसतो, समोरची काच वर उचलता येते, पण मायक्रोसॉफ्टने २०२४ मधे उत्पादनच बंद केलंय आणि सिक्युरिटी अपडेट २०२७ संपेपर्यंतच मिळणार, मग पेशंटचे स्कॅन असलेल्या नेटवर्कला तो जोडायचा कसा?

ओटीतच वापरायचा तर माझं मत मॅजिक लीप २ या हेडसेटला. डोक्यावर २६० ग्रॅम, होलोलेन्स ५६६, कारण मॅजिक लीपचा प्रोसेसर आणि बॅटरी वेगळ्या डबीत कमरेला लागतात. मान खाली घालून दोन-दोन तास उभं राहायचं म्हटल्यावर हा फरक मानेलाच विचारा. शिवाय ओटी लाइट! आरपार काचेच्या हेडसेटमधे तो लाइट समोर आला की सीटीचं थ्रीडी चित्र पार फिकं पडतं, मॅजिक लीपमधे काच गडद करता येते. घोळ एकच, आत चष्मा मावत नाही, नंबरच्या वेगळ्या लेन्स बनवाव्या लागतात, आणि तीन सर्जन वापरणार असतील तर तीन जोड. आपल्याकडचा बिनचष्म्याचा सीनियर सर्जन दाखवा बरं एक तरी.

ॲपल व्हिजन प्रो आणि मेटाच्या क्वेस्ट ३ या हेडसेटमधे चित्र झकास, पण तिथे तुम्ही काचेतून नाही तर कॅमेऱ्यातून बघता, म्हणजे बॅटरी गेली की समोर अंधार. पेशंट टेबलावर असताना मी तरी हे घालू देणार नाही. रेसिडेंटना (शिकाऊ डॉक्टरांना) हाडांची रचना शिकवायला मात्र क्वेस्ट बेस्ट, अमेरिकेत तो ४९९ डॉलरला आला, व्हिजन प्रो ३,४९९ ला, शिकवण्यासाठी एवढे कशाला घालवायचे.

छोटा उदेपूरच्या दवाखान्यातली जखम बडोद्यात बसलेल्या डॉक्टरला दाखवायची एवढंच काम असेल तर थ्रीडी कशाला हवंय, रिअलवेअर नेव्हिगेटर घ्या. एका डोळ्यापाशी छोटा स्क्रीन, सगळं आवाजावर, हात मोकळे, बॅटरी चालू कामात बदलता येते.

आणि हो, ऑपरेशनमधे हाडात स्क्रू कुठे घालायचा हे सांगणारं सॉफ्टवेअर मेडिकल डिव्हाईसमधे मोडतं, भारताचे २०१७ चे मेडिकल डिव्हाईस नियम लागतात, तेव्हा विक्रेत्याकडे हेडसेटचे नाही, त्या सॉफ्टवेअरचे कागद मागा. डेमोही त्यांच्या ऑफिसात नको, आपल्याच ओटीत, लाइट फुल, ग्लोव्हज घालून.