हिंदी, मराठी की इंग्रजी? मुंबईत नव्याने आलेल्या मुलाचं माध्यम ठरवताना

बिहार-उत्तर प्रदेशातून शेजारी राहायला आलेलं कुटुंब जूनमध्ये हमखास विचारतं, "बच्चे को कौन से स्कूल में डालें?" महापालिकेच्या शाळा आठ भाषांत चालतात, तेव्हा सल्ला विचारपूर्वक द्यायला हवा. माझ्या मते आधी मुलाचं वय बघावं, माध्यम नंतर.

पहिलीत जाणाऱ्या मुलासाठी मराठी माध्यम जरूर सुचवा. लिपी हिंदीचीच, आणि पट घटल्याने कित्येक वर्गांत बाईंना एकेका मुलाकडे बघायला सवड असते. फक्त वस्तीत मराठी बोलणारे सवंगडी हवेत. गोवंडीसारख्या भागात ते मिळतीलच असं नाही.

पाचवी-सहावीत आलेल्या मुलाला मात्र हिंदी माध्यमच बरं. अपूर्णांक तो हिंदीत शिकून आलेला असतो. बोलण्यापुरती नवी भाषा दोनेक वर्षांत येते, पण त्या भाषेत अभ्यास पेलायला पाच ते सात वर्षं लागतात, असं भाषाशिक्षणाचे अभ्यासक जिम कमिन्स यांनी कॅनडातल्या स्थलांतरित मुलांच्या अभ्यासातून दाखवलं. सहावीतल्या मुलाकडे दहावीपर्यंत जेमतेम पाच वर्षं असतात. मराठीही सुटत नाही; २०२० च्या कायद्याने ती सगळ्या माध्यमांत सक्तीची आहे. घरात भोजपुरी किंवा मैथिली असेल तर वर्गशिक्षकांना तेवढं आवर्जून सांगा, कारण मग हिंदीही त्या मुलाला शिकावीच लागलेली असते.

तमिळ, तेलुगू, कन्नड माध्यमांत सुरुवात चांगली होते. आठवीनंतर त्याच भाषेची शाळा जवळपास आहे का, हे प्रवेशाआधीच विचारा.

इंग्रजीची ओढ मला समजते. अकरावीला विज्ञान घ्यायचं तर ती लागतेच. पण घरी कुणाला पुस्तक वाचता येत नसेल आणि शिकवणी परवडत नसेल, तर मूल वर्गात नुसतं बसून राहतं. सॅन फ्रान्सिस्कोतल्या चिनी मुलांच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७४ मध्ये हेच म्हटलं: न कळणाऱ्या भाषेतलं तेच पुस्तक हाती दिलं म्हणजे समान वागणूक होत नाही. खासगी शाळांतल्या गरीब आणि वंचित मुलांसाठीच्या २५ टक्के राखीव जागाही पहिलीच्या किंवा त्याआधीच्या प्रवेशापुरत्याच. चौथीत आलेल्याला त्यांचा उपयोग नाही.

मुख्याध्यापकांकडे जाताना शक्य तर त्या पालकांसोबत जा. गावच्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही. मध्येच शाळा सुटलेल्या मुलाला वयानुरूप वर्ग आणि विशेष प्रशिक्षण मिळायला हवं. दोन्ही गोष्टी शिक्षण हक्क कायद्यात आहेत.