चॅथम सॉ मिल, अंदमान : बाबांना घेऊन दुसऱ्यांदा गेले

सेल्युलर जेलसाठी अंदमानला जाणारी आपली माणसं पोर्ट ब्लेअरची (आताचं श्री विजयपुरम) चॅथम सॉ मिल घाईत उरकतात. आमच्या टूरवाल्यांनीही अर्धाच तास दिला होता. बाबांचा पाय तिथून निघेना, म्हणून दुसऱ्या दिवशी रिक्षा करून आम्ही दोघंच पुन्हा गेलो.

चिपळूणला आमची लाकडाची वखार होती. आधी ओंडका उंचावर ठेवून एक जण वरून, एक खालून करवत ओढायचा. पुढे आजोबांनी डिझेल इंजिनावर पट्ट्याची करवत बसवली. ऐन, किंजळ, फणस, साग, सगळं तिच्यावर कापलं जायचं. मुकादमकाका नुसत्या आवाजावरून ओरडायचे, "थांबवा, खिळा हाय!" आणि खिळा निघायचाच. एका कामगाराची दोन बोटं गेली, तेव्हा आजोबांनी त्याच्या हातात टेप आणि वही दिली. वखार बंद होईपर्यंत घनफुटांचा हिशेब त्यानेच ठेवला. शनिवारी पगार घेऊन निघताना प्रत्येकाच्या डोक्यावर शेगडीसाठी भुशाचं पोतं असायचं. त्याचे पैसे आजोबांनी कधीच घेतले नाहीत.

चॅथमची मिल १८८३ पासूनची, सरकारी. छोट्याशा बेटावर आहे, पुलावरून जाता येतं. दुसऱ्या महायुद्धात पडलेल्या बॉम्बचा खड्डा अजून राखलाय. संग्रहालयात पडौक या इथल्या लाकडाचं कोरीवकाम सुंदर आहे, पण मी सगळ्यात जास्त वेळ थांबले ती हत्ती ओंडके ओढतानाच्या फोटोंपुढे. इथल्या जंगलात राबायला १९१८ पासून रांचीकडचे मजूर आणले गेले, १९२५ मध्ये ब्रह्मदेशातून करेन जमातीची कुटुंबं आली. हे आधी वाचून गेलात तर ते फोटो वेगळेच दिसतात. माझ्या डोळ्यांपुढे मुकादमकाका उभे राहिले.

२००२ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर अंदमानातली जंगलतोड खूप कमी झाली, त्यामुळे मिलच्या जुन्या पसाऱ्याच्या मानाने काम थोडंच. जंगल वाचलं याचा मला आनंदच आहे. तरी करवत चालू असतानाच बघावी, म्हणून कामाच्या दिवशी, सकाळी जा. वयस्कर माणसं सोबत असतील तर निवांत दोन तास ठेवा, चालणं बरंच आहे.

माझ्याकडून पाचपैकी पाच तारे, आणि ते तिथल्या एका कामगारामुळे. बाबांनी मोडक्या हिंदीत पात्याच्या दातांबद्दल विचारलं, तर हातातलं काम संपवून तो आला आणि धार कशी लावतात ते समजावत बसला. बाबांनी चिमूटभर भुसा उचलला. पडौकचा भुसा लालसर असतो, आमच्या सागाचा पिवळट. तो नाकाशी धरून त्यांनी विचारलं, "ये घर ले जाते हो क्या?"