सात वर्षांच्या पोराचा जबडा आणि माझे 75,380 रुपये

आकडा आधीच सांगते, कारण माझ्या मुलाला गरज नसलेला दातांचा उपचार विकणारे क्लिनिकवाले आता "किरकोळ रकमेसाठी बाई तमाशा करतायत" असं पसरवतायत. एक्स-रे आणि स्कॅन 3,700. डाउन पेमेंट 16,000. फायनान्स कंपनीचं कर्ज 48,000, महिन्याला 4,000 असे बारा हप्ते. त्यावर प्रोसेसिंग फी 1,180, आणि याला म्हणे 'नो कॉस्ट', म्हणजे बिनखर्चाचे हप्ते. जबडा रुंद करायला तोंडात बसवायची प्लेट शाळेत हरवली, तिच्या बदली दुसरी 6,500. एकूण 75,380. पावत्या माझ्याकडे आहेत, रक्कम किरकोळ वाटत असेल तर त्यांनी परत करावी.

सुरुवात कशी होते हे तुम्हाला सांगायला नको. शाळेत मोफत दंत तपासणी शिबिर, पोरांच्या हातात पेस्टची छोटी ट्यूब, आणि संध्याकाळी दप्तरातून निघणारं कार्ड. आमच्या कार्डावर लिहिलं होतं, 'वरचा जबडा अरुंद, दातांना जागा कमी, त्वरित भेटा.' खाली शाळेचा शिक्का. त्या शिक्क्यामुळे गेलो. हेच कार्ड रस्त्यात कुणी हातात दिलं असतं तर रद्दीत गेलं असतं.

क्लिनिकमध्ये डॉक्टरांनी तोंडात डोकावून पाहिलं आणि ते दुसऱ्या खुर्चीकडे गेले. नंतर जे काही बोलणं झालं ते 'ट्रीटमेंट कोऑर्डिनेटर' नावाच्या मुलीने केलं. पांढरा कोट तिच्याही अंगात. "आत्ता हाड मऊ आहे मॅडम. आत्ता नाही केलं तर बाराव्या-तेराव्या वर्षी चार पक्के दात काढावे लागतील. नाहीतर जबड्याचं ऑपरेशन." भिंतीवर पोस्टर, की अमेरिकेतली ऑर्थोडॉन्टिस्टांची, म्हणजे वेडेवाकडे दात सरळ करणाऱ्या तज्ज्ञांची, संघटना सातव्या वर्षाचं महत्त्व सांगते. हे खरंच आहे, मी नंतर शोधलं. ती संघटना सातव्या वर्षापर्यंत एकदा *तपासून घ्या* म्हणते. तार लावा, प्लेट बसवा असं म्हणत नाही. बहुतेक मुलांच्या बाबतीत त्या तपासणीचा निष्कर्ष "थांबा, बघू" हाच असतो. पोस्टरवर एवढंच छापलं नव्हतं.

पॅकेज 78,000. "आज कन्फर्म केलंत तर 64,000." औषधोपचाराला आजच्या आजची सूट कशी असते? दिवाळीचा सेल आहे का? ज्या उपचाराचा भाव संध्याकाळी सहाला बदलतो, तिथून उठा. मी उठले नाही.

का नाही उठले ते सांगते. तिने एक अल्बम उघडला. आधीचे आणि नंतरचे फोटो. डावीकडे पुढच्या दोन दातांत फट असलेली, दात पंख्यासारखे पसरलेली मुलं, उजवीकडे तीच मुलं, सरळ ओळीत दात. प्रत्येक फोटोखाली वय लिहिलेलं. डावीकडे 8, उजवीकडे 12. डावीकडे साडेसात, उजवीकडे 12. सगळं तिथेच लिहिलेलं होतं! वरचे पुढचे पक्के दात सातव्या-आठव्या वर्षी येतात तेव्हा ते फटीसकट, बाहेरच्या बाजूला तिरके येतात, कारण वर हाडात सुळे त्यांच्या मुळांना रेटत असतात. अकराव्या-बाराव्या वर्षी सुळे खाली उतरले की बहुतेक मुलांची फट आपोआप मिटते. दंतशास्त्रात याला 'अग्ली डकलिंग' (गोष्टीतलं कुरूप बदकपिल्लू) अवस्था म्हणतात, आणि ब्रॉडबेंट या अमेरिकी ऑर्थोडॉन्टिस्टनी 1937 मध्ये तिचं वर्णन करून ठेवलंय. म्हणजे त्या अल्बममध्ये प्लेट लावलेली मुलं होती की नुसती चार वर्षांनी मोठी झालेली, हे फोटोवरून कुणालाही सांगता येणार नाही. माहेरी भिंतीवर माझा तिसरीतला फोटो आहे. हीच फट, हेच पसरलेले दात. माझ्या तोंडात कधी तार गेली नाही. तो फोटो मला त्या खुर्चीत आठवला नाही, आता रात्री-अपरात्री आठवतो.

दुसरं म्हणजे तो ट्रीटमेंट प्लॅन. मुलाला तपासून पाच मिनिटं झाली नाहीत तोवर रंगीत छापील चार पानं समोर आली. पहिल्या पानावर 'वय 10, मुलगी' हे पेनने खोडून 'वय 7, मुलगा' केलेलं. मी विचारलंसुद्धा. "फॉरमॅट तोच असतो मॅडम, प्रिंटर स्लो आहे ना." आणि मी हसले.

आता कुणी मला शहाणपण शिकवू नये. मी अकाउंट्समध्ये काम करते, व्हेंडरचं बिल एक रुपयाने चुकलं तर परत पाठवते. पण पोराच्या तोंडाचा एक्स-रे समोर धरून कुणी 'ऑपरेशन' म्हणालं की कुठल्या आईला खोडाखोड दिसते? सासूबाई घरी म्हणाल्या होत्या, "दुधाचे पडू देत तरी आधी." त्यांचं ऐकलं नाही कारण त्या लसीच्या बाबतीतही असंच काहीतरी म्हणायच्या. या वेळी त्यांचं बरोबर निघालं, आणि त्या ते दर रविवारी बोलून दाखवतात. याची पावती मात्र माझ्याकडे नाही.

उपचार म्हणजे दिवसा स्क्रू असलेली प्लेट, आठवड्यातून एकदा छोट्या किल्लीने फिरवायची, आणि रात्री दातांवर बसवायचा सिलिकॉनचा मऊ साचा, 'ट्रेनर'. मुलगा 'स'चा 'थ' करायला लागला, गालाला आतून फोड आले, वर्गात पोरं चिडवायला लागली. तक्रार केली की उत्तर ठरलेलं, "ॲडजस्ट होतंय." ज्या ऑर्थोडॉन्टिस्टच्या नावावर पॅकेज विकलं, त्या बाई आम्हाला कधी दिसल्या नाहीत. आधी त्या 'कॉन्फरन्सला' होत्या, मग 'सोडून गेल्या'. किल्ली फिरवायला शिकवणारे डॉक्टर बीडीएस, म्हणजे दंतवैद्यकाची पहिली पदवी घेतलेले, नावापुढे दोन ओळी भरून 'सर्टिफाइड' कोर्स. ऑर्थोडॉन्टिस्ट म्हणजे बीडीएसनंतर त्याच विषयात तीन वर्षांचं एमडीएस, पदव्युत्तर शिक्षण. वीकेंडचा कोर्स म्हणजे एमडीएस नव्हे. पाटीवर नाही, प्रिस्क्रिप्शनवर बघा, आणि नोंदणी क्रमांक लिहून घ्या.

मग जेवताना वरच्या दाढा खालच्यांवर नीट बसेनात, बाहेरून निसटायला लागल्या. तेव्हा धाकट्या भावाने हाताला धरून आम्हाला मुंबईच्या सरकारी दंत महाविद्यालयात नेलं. सीएसएमटीला उतरून चालत जाता येतं. केसपेपरचे पैसे इतके कमी की सांगायला लाज वाटते. रांग होती, बसलो. पण तिथल्या मॅडमनी जुना ओपीजी (पूर्ण जबड्याचा एक्स-रे) उजेडात धरून पाहिला, मुलाला चार वेळा तोंड उघडझाप करायला लावलं, आणि विचारलं, "हे कशासाठी केलं?" मला उत्तर देता आलं नाही. जबडा अरुंद नव्हताच. वरचे-खालचे दात एकमेकांवर नीट बसत होते. 'जागा कमी'चं म्हणाल तर दुधाचा सुळा आणि मागच्या दोन दाढा मिळून जेवढी जागा अडवतात, त्यापेक्षा त्यांच्या जागी येणारे पक्के दात कमी घेतात. खालच्या जबड्यात दर बाजूला सरासरी 1.7 मिलिमीटर, वर 0.9. ही बचत हिशेबात न धरताच 'जागा कमी' लिहून मोकळे झाले होते. प्लेटने दाढा बाहेर झुकवल्या. प्लेट बंद करा, दर सहा महिन्यांनी दाखवा, बहुतेक बसतील जागेवर. एवढंच. एक रुपयाचं काही विकलं नाही.

लहान वयातले सगळे उपचार खोटे असं मी म्हणत नाही, तसं समजू नका हे त्या मॅडमनीच बजावलं. खालचे पुढचे दात वरच्यांच्या पुढे येत असतील, तोंड मिटताना जबडा एका बाजूला सरकत असेल, अंगठा चोखणं सुटत नसेल, दुधाची दाढ लवकर काढावी लागली असेल, तर थांबू नका. वरचे दात खूप पुढे असलेल्या मुलांबद्दल कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन तपासणाऱ्या संस्थेचा 2018 चा आढावा आहे. लवकर सुरू केल्याने पडून दात तुटण्याचं प्रमाण कमी होतं, बाकी शेवटचा परिणाम किशोरवयात एकदाच उपचार केलेल्या मुलांसारखाच. माझ्या मुलाला यातलं काहीच नव्हतं.

क्लिनिकमध्ये पैसे मागितले तेव्हा नवीन कोऑर्डिनेटर, नवीन कोट. "कन्सेंटवर सही आहे. नॉन-रिफंडेबल." बराच आरडाओरडा केल्यावर 'गुडविल' म्हणून काय दिलं असेल? 5,000 चं व्हाउचर, कुटुंबाचे दात साफ करायला. त्यांच्याकडेच.

शाळा म्हणाली, "आम्ही फक्त हॉल दिला." शिक्का कुणी दिला मग? मुख्याध्यापिका म्हणाल्या, शिपाई मारतो. पोलीस ठाण्यात साहेबांनी पहिलं वाक्य ऐकून 'सिव्हिल मॅटर' म्हटलं आणि चहा मागवला, स्वतःसाठी. मी हटले नाही तेव्हा म्हणाले, डॉक्टरवर गुन्हा घ्यायचा तर आधी तज्ज्ञांचं मत लागतं, सुप्रीम कोर्टाचं आहे. हो, आहे, 2005 चा निकाल आहे, आणि तो निष्काळजीपणाबद्दल आहे. मी निष्काळजीपणा म्हणतच नव्हते! दहा वर्षांच्या कुठल्यातरी मुलीचा प्लॅन माझ्या मुलाला विकला, याला मी फसवणूक म्हणत होते. साहेबांनी अर्ज ठेवून घेतला, पोच दिली नाही. पोच हवी तर उद्या या. उद्या साहेब बंदोबस्ताला. डॉक्टरांच्या नोंदणीचं काम बघणाऱ्या कार्यालयात फोन उचलला तर "लेखी पाठवा", लेखी पाठवलं तर "प्रती कमी आहेत", प्रती पाठवल्या तर "डॉक्टरचं पूर्ण नाव द्या". पूर्ण नाव क्लिनिक देत नाही म्हणूनच तर तुमच्याकडे आले ना बाबांनो! नोंदवही तुमच्या कपाटात आहे, माझ्या नाही. तिथले एक गृहस्थ मला म्हणाले, "मुलाला काही कायमचं झालंय का?" म्हणजे काही झालं असतं तर फाइल लवकर हलली असती. फायनान्स कंपनी तर त्याहून वरताण. "आम्ही पैसे क्लिनिकला दिले, उपचार हा तुमचा आणि त्यांचा विषय." हप्ता थांबवला तर सिबिल खराब होईल, हे मात्र त्यांनी फार आपुलकीने समजावलं.

कर्जाबद्दल एक सांगते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. क्लिनिकच्या टॅबवर ओटीपी टाकून जे कर्ज होतं, त्यातून सुरुवातीचे काही दिवस दंडाशिवाय बाहेर पडता येतं. मुदत 'की फॅक्ट स्टेटमेंट' नावाच्या, कर्जाच्या मुख्य अटींच्या कागदात लिहिलेली असते. ते ईमेलवर येतं, वाचा, त्याच रात्री वाचा. कंपनीने तीस दिवसांत तक्रार निकाली काढली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन जाता येतं. मी गेले आहे.

पैसे घेऊन केलेला वैद्यकीय उपचार ग्राहक कायद्यात येतो, हे सुप्रीम कोर्टाने 1995 मध्येच सांगितलंय. "डॉक्टरवर ग्राहक केस होत नाही" म्हणणाऱ्या वकिलाची फी वाचवा. पाच लाखांपर्यंत जिल्हा ग्राहक आयोगात तक्रारीला शुल्क नाही, ई-जागृती या सरकारी पोर्टलवर घरी बसून दाखल होते, मुदत दोन वर्षं. माहितीसाठी ग्राहक हेल्पलाइन 1915. एक्स-रेचे पैसे आपण दिलेले असतात, फिल्म आणि फाइल मागून घ्या, भांडण सुरू व्हायच्या *आधी*. नंतर 'सर्व्हर डाउन' असतो.

आणि मूळ कागद कुणाच्या हातात देऊ नका. आमचा तो खोडाखोडीचा प्लॅन त्यांनी 'अपडेट करायला' म्हणून मागून घेतला होता. परत आला तो नवा कोरा, वय 7, मुलगा, खाली जुनीच तारीख. जुन्या पानाचा फोटो मी नवऱ्याला व्हॉट्सॲपवर पाठवला होता, तारीख-वेळेसकट. आयोगापुढे दोन्ही पानं शेजारी शेजारी लावली आहेत.